तीन ठिपक्यांचं फ्लायव्हील

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही गाड्यांच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्याच पानावर मनातलं लिहायला बसले आहे, म्हणजे माझं कठीणच आहे.

आज शेडवर पाटी लावली. नवरा शिडी धरून उभा होता. वर बघून म्हणाला, "डावीकडे कललीय." मी म्हटलं, "आतल्या गाड्या सरळ असल्या म्हणजे झालं." तो म्हणाला, "आत अजून गाडी नाहीये." हा माणूस शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या पुसतो आणि तोंड असं चालवतो!

इथे तरी खरं लिहावं. मला ही गल्लीतली पत्र्याची शेड नकोच होती. मला बाबांचं दुकान हवं होतं. चढाच्या पायथ्याशी, हमरस्त्यावर, दोन शटरचं. ते दादाला मिळालं, कारण दादा मेकॅनिक आणि मी दिवा धरणारी. बावीस वर्षं बाबांच्या शेजारी बसून दिवा धरला, न मागता बरोबर नंबरचा पाना हातात दिला, गिअरबॉक्स उतरवताना छातीवर तोलला. बाबा गेल्यावर वाटणीच्या दिवशी काका म्हणाले, "पोरीला काय करायचंय गॅरेज?" आणि दादा गप्प बसला. दोन वर्षं झाली, पण ते गप्प बसणं अजून कानात आहे.

सुट्या भागांची वाटणी तर बघण्यासारखी. काकांनी फळीवरचा माल खाली ओतला आणि एक तुला, एक त्याला, असा गोट्यांसारखा वाटला. इंजिनाच्या मागे फिरतात ती लोखंडी चाकं, म्हणजे फ्लायव्हील, बहुतेक माझ्या ढिगात आली. त्यावर बसणारी झाकणं, म्हणजे प्रेशर प्लेट, सगळी दादाच्या ढिगात. अर्धी बैलगाडी इकडे, अर्धी तिकडे. कोणी एक शब्द बोललं नाही. मीही नाही, कारण मला राग आला की मी बोलत नाही, नंतर लिहिते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गिऱ्हाईक आलं! पहिलंच आणि चांगलं जाडजूड काम घेऊन.

निवृत्त भूमापक आहेत. मी मनात त्यांचं नाव मोजणीवाले ठेवलं. उंच, सडसडीत, बोलताना बोटांनी हवेत अंतर दाखवतात. तीस वर्षांची जुनी गाडी, इंजिन संपलेलं. त्यांनी त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचं मोठं इंजिन मिळवलंय, ते बसवून हवं. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवायचा. घर चढाच्या वर, बायकोचे गुडघे गेलेले, त्यामुळे गाडी चढलीच पाहिजे, म्हणाले.

मी विचारलं, "माझा पत्ता कोणी दिला?"

म्हणाले, "ज्याला कळतं त्याने. म्हणाला, असं काम करावं तर तिनेच."

नाव सांगेनात, नुसते हसले. बोलता बोलता निघालं की गेल्या महिन्यात दादाच्या दुकानाची जागा यांनीच मोजली. म्हणजे साहेब दुकान वाढवतायत! मागची भिंत पाडून तिसरं शटर लावायचं असेल. वाढव बाबा, वाढव. माझं एक इंजिन त्या चढावरून सगळ्यांसमोर वर जाऊ दे, मग बघू कोण दिवा धरतं ते. दादाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, की हो, तुला येतं. आणि म्हणावं, की ये, दुकानात ये. एवढंच हवंय मला. पाटीबिटी सगळं त्यासाठीच आहे, लिहायला लाज कसली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस डोक्याचा भुगा. मोठं इंजिन फ्लायव्हीलशिवाय आलंय. माझ्या फळीवरचं एक चाक त्याला बसलं, सगळी भोकं जुळली. त्याच्या कडेवर बाबांनी ठोकलेले तीन ठिपके आहेत. असल्या खुणा करायची त्यांना खोडच होती, कशासाठी ते कधी सांगितलं नाही.

खरी पंचाईत मधल्या क्लच प्लेटची. ती बाहेरून मोठ्या इंजिनाच्या चाकाएवढी हवी आणि तिच्या मधल्या भोकाचे दाते जुन्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसायला हवेत. नव्या गाडीची प्लेट घेतली तर दाते जुळत नाहीत, जुन्या गाडीची घेतली तर घेर लहान. स्पेअरवाला म्हणाला, "अशी प्लेट जगात नाही, ताई." मी तीन तास त्याचं गोदाम पालथं घातलं आणि एका सामान वाहणाऱ्या व्हॅनची प्लेट काढली. दाते जुन्या गाडीचे, घेर मोठ्या इंजिनाचा! दांड्यावर सरकवली तर लोण्यात सुरी. स्पेअरवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मी शेडमध्ये येऊन एकटीच नाचले. पंचेचाळिसाव्या वर्षी.

येताना दादाच्या दुकानावरून आले. मंगळवार असून शटर बंद. शेजारचा म्हणाला, आता मंगळवार-शुक्रवार बंदच असतं. बाबांनी तापातसुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं. याला आठवड्यात दोन-दोन सुट्ट्या! माणसाला आयतं मिळालं की असं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनी आली होती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तेव्हा आली. बाई चांगली आहे, पण चुकीच्या माणसाची बायको आहे.

म्हणाली, "ह्यांनी निरोप दिलाय. तीन ठिपक्यांच्या चाकाचं झाकण ह्यांच्याकडे आहे. त्याच्यावरही तीन ठिपके आहेत. तेच लावायचं, दुसरं लावलं तर उंची जमत नाही. येऊन घेऊन जा म्हणालेत."

म्हणजे माझ्या शेडमध्ये कुठलं चाक आहे, हे त्याला माहीत! पाळत ठेवतोय. मी म्हटलं, "तुझ्या हाती पाठवता आलं नसतं?"

"जड आहे गं. आणि त्यांना तुझ्याशी बोलायचंही आहे. दुकानाबद्दल."

"तिसरं शटर कुठे लावायचं, ते मला विचारून काय करणार?"

वहिनीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यांची कंबर फार धरलीय. आता वाकता येत नाही त्यांना."

"वाकायचं कधी माहीत होतं त्याला!" मी म्हटलं. चांगलं लागलं असणार. ती चहा अर्धा टाकून गेली.

मी जाऊन हात पसरायचा, त्याने चार गिऱ्हाइकांसमोर झाकण हातात ठेवायचं आणि वर म्हणायचं, बघा, आमच्याशिवाय चालत नाही. अजिबात नाही. स्पेअरवाल्याकडून नवं कोरं झाकण आणलंय, मोठ्या इंजिनाचंच. सहाच्या सहा बोल्ट बसले. बोल्ट बसले म्हणजे बसलं. उंचीबिंची सगळ्या पुड्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फ्लायव्हीलच्या तोंडावर जुने निळे डाग होते, जळाल्याचे. लेथवाल्या काकांकडे घासून घ्यायला नेलं. ते बाबांच्या वेळचे. चष्मा कपाळावर, कानात कापूस, बोलणं खेकसून.

"तोंडाबरोबर कडही उतरवू ना?"

म्हटलं, "कड कशाला? प्लेट घासते तोंडावर. तोंड तेवढं साफ करा."

"तुझा बाप दोन्ही उतरवायचा."

"काका, माझा बाप वाटणीत मला नाही मिळाला. तोंड तेवढं करा."

काकांनी मशीन चालू केलं. आरशासारखं करून दिलं. निघताना म्हणाले, "भावाला एकदा दाखव." मी वळूनही पाहिलं नाही. या गावात दादाचं नाव घेतल्याशिवाय कोणाला बोल्टसुद्धा आवळता येत नाही की काय?

२२ नोव्हेंबर, शनिवार

चालली! चालली, चालली, चालली.

इंजिन चढवलं, गिअरबॉक्स मी एकटीने जॅकवर घेऊन जोडला. नवऱ्याने दिवा धरला. होय, त्याने धरला, आणि दोनदा माझ्या डोळ्यात मारला. मोजणीवाल्यांना शेजारी बसवून नदीकाठच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. क्लच मऊ, गिअर अलगद. ते म्हणाले, "वा! त्यांनी सांगितलं तसंच निघालं." कोणी, ते पुन्हा सांगितलं नाही.

येताना मुद्दाम दादाच्या दुकानासमोरून आणली आणि हॉर्न वाजवला. तो स्टुलावर बसला होता, उठला नाही. हात मात्र वर केला. उठायचे कष्ट कशाला घेईल?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मोजणीवाल्यांचा फोन. चढावर इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पळत नाही. जळका वास येतो. मी म्हटलं, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवत असाल. ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं चालवतोय हो."

गाडी आणून पेडलची तार थोडी सैल केली. सपाटीवर झक्क आहे. म्हटलं, नवी प्लेट आहे, घासून बसेल. ते "बरं" म्हणाले. त्यांच्या "बरं" मध्ये फारसं काही बरं नव्हतं.

उद्या मी स्वतः चढावर नेऊन बघणार होते, पण त्यांना सकाळीच बायकोला घेऊन डॉक्टरांकडे जायचंय. येताना बघू म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट लिहिते.

परत येताना चढाच्या मधोमध गाडीने दम सोडला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर, मग मागे. त्यांनी ब्रेक दाबून ती कशीबशी कठड्याला टेकवली. मागून ट्रक येत होता, तो वेळेत थांबला. गुडघे गेलेली ती बाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती म्हणे, अर्धा तास. माझ्या कामामुळे. त्यांनी मला फोनही केला नाही. गाडी उताराने सोडत पायथ्याशी आणली, थेट दादाच्या दारात.

मला स्पेअरवाल्याकडून कळलं. धावत गेले. शुक्रवार असून शटर वर. गिअरबॉक्स खाली काढून ठेवलेला आणि दादा कमरेला तो रुंद पट्टा आवळून गाडीखाली कुशीवर पडलेला. वहिनी टॉर्च धरून बसली होती. मोजणीवाले बाकावर. आणखी दोघे तिघे उभे, तमाशा बघायला.

दादा सरपटत बाहेर आला. उठताना वहिनीच्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाला, "चाकाचं तोंड खाली गेलं, कड वरच राहिली. झाकण कडेवर बसतं, म्हणजे प्लेटवर जोर कुठून येणार? त्यात हे झाकण दुसऱ्या उंचीचं. बाबांनी तुला सांगितलं नव्हतं?"

बाबांनी तुला सांगितलं नव्हतं! सगळ्यांसमोर. मला वाटलं जमीन फाटावी. नाही सांगितलं बाबांनी. त्याला सांगितलं, मला दिवा धरायला सांगितलं.

मग तो काळवंडलेली क्लच प्लेट हातात घेऊन उलटीपालटी करून बघत म्हणाला, "ही व्हॅनची ना? कुठून शोधलीस? हे मला सुचलं नसतं."

वर टोमणा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय बोलले ते लिहिते, कारण मीच बोलले आहे. म्हटलं, "दुकान घेतलंस, बाबा घेतलेस, आता गिऱ्हाईकही घे. या दुकानात मी मेले तरी पाय ठेवणार नाही. मला दिलंस तरी नको."

तो म्हणाला, "थांब. जरा बस, मला बोलायचंय." हळू म्हणाला. तो नेहमी हळू बोलतो, म्हणजे समोरचा वेडा दिसतो.

मी निघून आले. नवरा म्हणतो, "जाऊन ये ना उद्या." मी त्याला म्हटलं, तूच जाऊन राहा तिकडे.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी शेड उघडायला गेले तर दारात गाडी. वहिनी किल्ली घेऊन उभी. कडही तेवढीच उतरवली, तीन ठिपक्यांचं झाकण लावलं, चढावर चार वेळा नेऊन आणली, म्हणाली. व्हॅनची प्लेट तशीच ठेवलीय, बाजारातून तसलीच नवी आणून.

"गिऱ्हाइकाला तूच दे गाडी. ह्यांनी त्यांना सांगितलंय की काम तूच येऊन पुरं केलंस. जागा तेवढी आमची वापरलीस म्हणून."

"कशाला सांगितलं असं?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार." मग थांबून म्हणाली, "शनिवारपासून ते अंथरुणावर आहेत. एकदा येऊन जा. खरंच. मग उशीर होईल."

कसला उशीर? कंबरदुखीने कोणी मरत नाही. मोठेपणा करायचा, वर भेटायला बोलावून तो दाखवायचा. मी किल्ली घेतली. आभार मानले नाहीत. तो लोकांसमोर माझी चूक सांगत सुटला असता तर मला इतकं लागलं नसतं. झाकली, ते जास्त लागलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

मोजणीवाले गाडी घ्यायला आले. चढावर जाऊन परत आले आणि माझा हात हातात घेतला. "पहिल्यांदा चुकलं, पण तुम्ही चूक शोधलीत. असे कारागीर राहिले नाहीत." त्यांच्या बायकोने गाडीतून हात जोडले.

मी म्हणू शकले असते, की दादाने केलं. दोनच शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात तेल बदलायला आणा."

लिहितानाही तोंड कडू झालंय.

२० डिसेंबर, शनिवार

मोजणीवाले महिना व्हायच्या आधीच आले. तेलाचं निमित्त. चहा पिता पिता म्हणाले, "काल तुमच्या दुकानाचे कागद झाले बुवा. फरशीवाल्याने घेतलं. वाईट वाटलं मला."

"कुठलं दुकान?"

ते चमकले. "तुम्हाला माहीत नाही? मी मोजणी केली ती विक्रीसाठीच. तुमच्या भावाला डॉक्टरांनी बसवलंय, या कामाला हात लावायचा नाही म्हणून. फरशीवाला तेव्हाच तयार होता. पण तुमच्या भावाने त्याला अडवून ठेवलं. म्हणाला, बहिणीला द्यायचंय, पण फुकट दिलं तर ती घ्यायची नाही. आधी तिला एक अवघड काम मिळू दे, तिचं तिला कळू दे, मग विचारतो. म्हणून तर मला इकडे पाठवलं."

हातातला कप मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

ते म्हणाले, "त्या शुक्रवारी तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं. मला वाटलं, रागात बोललात. दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. म्हणाला, तिला नकोच आहे, तिने तोंडाने सांगितलं. तरी आणखी दोन आठवडे थांबला तो."

दोन आठवडे. मी रोज त्या रस्त्याने जात होते आणि मान दुसरीकडे फिरवत होते.

२१ डिसेंबर, रविवार

आधी दुकानावर गेले. आत फरशीवाल्याची माणसं भिंतींचं मोजमाप घेत होती. एकाने विचारलं, "काय पाहिजे, बाई?" काही नाही म्हटलं.

मग दादाच्या घरी. वहिनी दार उघडून बाजूला झाली. दादा खाटेवर आडवा, पाठीखाली फळी. वाळलाय. हात पांढरे झालेत. बाबांचे आणि त्याचे हात मी कधी स्वच्छ पाहिले नव्हते.

मी ठरवून गेले होते की भांडेन. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"वहिनीला पाठवलं होतं. तू आलीस तेव्हा थांब म्हणालो."

"ओरडून का नाही म्हणालास? माझ्या पायाला धरून बसवायचं होतंस! वाटणीच्या दिवशीही असाच गप्प बसलास. तुझ्या गप्प बसण्याने माझं वाटोळं केलं, दादा!"

"हो," तो म्हणाला. "तेव्हा बोलायला हवं होतं. त्याचंच डोक्यात होतं माझ्या."

मला रडू फुटलं. लहान पोरीसारखी रडले, खाटेच्या पट्टीला धरून. मला सांगायचं होतं की चाकाची कड मीच राहू दिली, लेथवाले काका विचारत होते तरी. की गिऱ्हाइकाने कौतुक केलं ते मी मुकाट्याने घेतलं. की मला तुझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं आणि त्यापायी मी दुकान घालवलं. सगळं जिभेवर आलं होतं.

तो छताकडे बघत होता. त्याने विचारलं, "गाडी कशी चालतेय?"

"चांगली."

"चढावर?"

"तिसऱ्या गिअरवर जाते."

"छान बसवलीस," दादा म्हणाला. खोलीत आम्ही तिघंच होतो, ते काम कोणी केलं ते तिघांनाही माहीत होतं.

आणि मी "हो" म्हटलं.